कला आणि मिल : कोन मोजण्याच्या दोन रिती आणि वऱ्हाडचा मुलूख

दुर्बीण बसवलेल्या रायफलीवर दोन फिरत्या गुंड्या असतात. वरची फिरवली की गोळीचा मार वर-खाली सरकतो, बाजूची फिरवली की डावी-उजवीकडे. नेमबाज त्यांना टरेट म्हणतात. गुंडी फिरताना बोटांना एकसारखे टप्पे लागतात. त्या टप्प्याचे नाव क्लिक, आणि एका क्लिकला नेमाची रेषा एका ठरलेल्या, अतिशय लहान कोनातून वळते. हे वळणे इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये सांगून भागत नाही, कारण शंभर मीटरवर त्या कोनाने जेवढा फरक पडतो त्याच्या पाचपट फरक पाचशे मीटरवर पडतो. म्हणून गुंडीवर कोनाचेच माप कोरलेले असते. अशी दोन मापे आज जगभर चालतात. एक अंशाचा साठावा भाग, म्हणजे कला. नेमबाजांच्या बोलण्यात ती ‘मिनिट’ किंवा ‘एमओए’ असते. दुसरे माप मिल, म्हणजे मिलिरेडियन. हजार मीटरवरचे एक मीटर आडवे अंतर डोळ्याशी जेवढा कोन करते, तेवढा एक मिल.

यांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न दुर्बीण घेणाऱ्या प्रत्येकापुढे येतो आणि तो नव्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात या दोन मापांमागे कोन सांगण्याच्या दोन जुन्या रिती उभ्या आहेत. पहिली रीत पूर्ण वर्तुळ घेते आणि त्याचे तुकडे पाडते. दुसरी रीत वर्तुळाकडे पाहतच नाही; इतक्या पल्ल्यावर इतके आडवे अंतर, एवढे प्रमाण तिला पुरते. रायफलीला दुर्बीण लागण्याच्या कितीतरी आधी या दोन्ही रिती वऱ्हाडच्या मुलखात राबत होत्या. पोथीत, मोजणीच्या कामावर आणि रेल्वेच्या रुळांवर त्यांच्या खुणा सापडतात, आणि कोणत्या कामाला कोणती रीत का लागते हे त्या खुणांवरून चांगले उमगते.

वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला आणि कलेच्या ६० विकला ही विभागणी बाबिलोनी गणितातल्या साठाच्या पटींतून आली आणि भारतीय ज्योतिषाने ती पुरती आपलीशी केली. मराठी घरात ती पंचांगातून रोज भेटते. ग्रहाचे स्थान राशी, अंश, कला, विकला अशा चार आकड्यांत दिलेले असते. बारा राशी, दर राशीला तीस अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळात २१,६०० कला. ज्याने थिओडोलाइट किंवा रायफल कधी हातात घेतलेली नाही, अशा माणसालाही हे माप परके नाही.

या २१,६०० कलांतून आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये एक फार मोलाची गोष्ट साधली. परीघ कलांमध्ये मोजला जातो, तर त्रिज्याही कलांमध्येच का मोजू नये, या विचाराने त्याने ज्यांचे (आजच्या भाषेत साइनचे) कोष्टक मांडले. परीघ आणि व्यास यांचे त्याचे प्रमाण ६२,८३२ ला २०,०००, म्हणजे ३.१४१६ होते. त्या हिशेबाने २१,६०० कलांच्या वर्तुळाची त्रिज्या ३,४३८ कला येते. त्रिज्या आणि कमान एकाच मापात आल्यामुळे लहान कोनाची ज्या आणि तो कोन यांचा आकडा जवळजवळ एकच होतो. कोष्टकातली पहिली कमान २२५ कलांची आणि तिची ज्याही २२५च. ‘सूर्यसिद्धांता’तही हीच त्रिज्या आहे. आधुनिक भाषेत, एका रेडियनमध्ये ३,४३८ कला असतात, हे यात पूर्णपणे आलेले आहे. रेडियन हे नाव मात्र १८७३ मध्ये बेलफास्टच्या एका प्रश्नपत्रिकेत जेम्स थॉमसनने पहिल्यांदा छापले.

मिल हा रेडियनचा हजारावा भाग, म्हणून एक मिल ३.४३८ कलांचा. दुर्बिणीच्या मापांत अदलाबदल करताना नेमबाज आज ज्या आकड्याने गुणतो किंवा भागतो, तो आर्यभटाच्या त्रिज्येचाच आकडा आहे. कला आणि मिल यांना एकमेकांचे विरोधक समजण्यात फारसा अर्थ नाही, हे याच्याइतके स्वच्छ दुसरे काही दाखवत नाही. एकाच वर्तुळाच्या परिघाकडून पाहिले की कला दिसते, त्रिज्येकडून पाहिले की मिल.

३,४३८ हा आकडा ग्रंथांतून महाराष्ट्रात नांदत राहिला. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त तो घेतला आणि सोप्या कामासाठी १२० त्रिज्येचे लहान कोष्टकही दिले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यावर शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६–०७ चा काळ येतो. वऱ्हाडाचा स्वतःचा दुवा आणखी जवळचा आहे. एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ, पयोष्णीच्या काठी दधिग्राम नावाच्या गावी ज्योतिष्यांचे एक मोठे घराणे होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्याची हकीकत दिली आहे. पयोष्णी म्हणजे पूर्णा असे मानले तर ही तीच नदी, जी लाखपुरीपाशी मूर्तिजापूर तालुक्याला लागून वाहते. या घराण्यातला बल्लाळ काशीला गेला. त्याचा मुलगा कृष्ण दैवज्ञ याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. दुसरा मुलगा रंगनाथ याने शके १५२५ मध्ये ‘सूर्यसिद्धांता’वर ‘गूढार्थप्रकाश’ ही टीका पुरी केली आणि त्याच साली त्याचा मुलगा मुनीश्वर जन्मला. पुढे तोही मोठा सिद्धांतकार झाला. पूर्णेच्या काठच्या कुळाने ३,४३८ कलांच्या त्रिज्येचे विवरण काशीत बसून केले, ही वऱ्हाडाच्या विद्येची मोठी आणि फारशी न सांगितली जाणारी बाजू आहे.

कलेचे आणि विकलेचे जमिनीवरचे रूप वऱ्हाडाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर पाहिले. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत बिदरजवळच्या दमरगिद्द्यावरून निजामाच्या वऱ्हाडात शिरली. साधारण ७७ अंश ४० कलांच्या रेखावृत्तालगत चाललेली ही त्रिकोणांची माळ मूर्तिजापूरच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर, बडनेऱ्याच्या बाजूने पुढे गेली. तिचे वऱ्हाडातले मुख्य ठाणे एलिचपूरच्या परिसरातले टाकळखेडा. लॅम्टनचा अंत याच मोहिमेत, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला झाला आणि तेथेच त्याला पुरले. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले आणि १८३० मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. १८ अंश ३ कला ते २४ अंश ७ कला या अक्षांशांमधला कंस असे त्या ग्रंथाच्या नावातच आहे, आणि टाकळखेडा या कंसाच्या जवळजवळ मध्यावर, सुमारे २१ अंश ६ कलांवर येते.

या मोजणीत लांबी फक्त पायारेषांवर, साखळीने मोजायची आणि पुढे सगळे काम कोनांवर चालवायचे असे. लॅम्टनचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. त्याचे आडवे वर्तुळ तीन फूट व्यासाचे, आणि त्यावरचे भाग सूक्ष्मदर्शकातून वाचायचे. एवढे अवजड यंत्र डोंगरमाथ्यांवर चढवण्याचे कारण विकलेत आहे. पन्नास किलोमीटरवरच्या खुणेकडे पाहताना एका विकलेची चूक झाली तर खूण सुमारे २४ सेंटिमीटरने सरकते, आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत गेले की चुका साठत जातात.

इथे प्रमाणाची रीत कोणी वापरली नाही, आणि ते बरोबरच होते. या मोजणीतून हवे होते ते अक्षांश आणि रेखांश, म्हणजे पृथ्वीच्या वर्तुळाचे तुकडेच. ताऱ्यांची उंचीही अंश-कलांतच वाचली जाई आणि छापील कोष्टकेही त्याच मापात होती. मूर्तिजापूर सुमारे २० अंश ४४ कलांवर आहे. टाकळखेड्याशी त्याचा फरक २२ कलांचा. अक्षांशाची एक कला जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर भरते, म्हणून टाकळखेडा मूर्तिजापूरच्या मानाने सुमारे चाळीस किलोमीटर उत्तरेला, हे कोणालाही तोंडी काढता येते. रायफलीच्या गुंडीवरची कला हीच आहे. पृथ्वीच्या त्रिज्येऐवजी शंभर मीटरचा पल्ला घेतला की तिचे २.९ सेंटिमीटर होतात.

टाकळखेड्याला एव्हरेस्टला एक अडचण दिसली. ठाण्याच्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि सातपुड्याचे पठार आहे. एवढ्या मोठ्या वस्तुमानाने ओळंबा आपल्याकडे किंचित ओढला असेल तर ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश चुकतो. त्याने या ओढीचा हिशेब मांडला, तो काही विकलांचा. ओळंब्याचे हे कलणे पुढे हिमालयाजवळ भूगणिताचा मोठा प्रश्न झाले. त्याची आधीची चाहूल मेळघाटच्या पायथ्याशी लागली होती. या विकला किती लहान, ते रायफलीच्या हिशेबाने कळते. आजच्या बहुतेक एमओए दुर्बिणींत एक क्लिक पाव कलेचा, म्हणजे १५ विकलांचा असतो. दोनशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात ज्या कोनांसाठी रात्री जागवल्या गेल्या, ते आजच्या एका क्लिकपेक्षाही बारीक होते.

मोठ्या मोजणीत कोनच कोन, तर गावाच्या मोजणीत कोन जवळजवळ नाहीच. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर तेथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद तो एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताच्या आत सरळ रेषा टाकायची आणि शंकूने काटकोन धरून बांधापर्यंतचे आडवे अंतर मोजत जायचे. काटकोनापलीकडे कोणताही कोन आकड्यात लिहायची गरज पडत नसे. टिपणावर येतात ती साखळ्या-आण्यांची अंतरे. पुढे फलक यंत्र आले, त्यातही कोन कागदावर थेट आखला जातो, वाचला जात नाही. ज्या कामात मोजणाऱ्याला शेवटी लांबी-रुंदीच हवी, तिथे तो कोनाला वळसा घालून प्रमाणाकडे जातो. वऱ्हाडच्या शिवारातल्या या पद्धतीत मिलचा विचार बीजरूपाने आहे.

दोन्ही रिती शेजारी शेजारी पाहायच्या तर मूर्तिजापूरच्या स्टेशनासारखी जागा नाही. जीआयपी रेल्वेची भुसावळ–नागपूर शाखा १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि मूर्तिजापूर तिच्यावरचे स्टेशन झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथून अचलपूर आणि यवतमाळकडे कापसासाठी अडीच फुटी रूळ पडले. तीच लोकांची शकुंतला. रेल्वेचा अभियंता चढ सांगतो तो प्रमाणात. कसारा घाटातला चढ ‘३७ ला १’, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर. मिलच्या भाषेत तो सुमारे २७ मिल. अंशांत दीड अंशाहून थोडा जास्त. चढाला अंश कोणी लावत नाही, कारण इंजिनाला ओढायचा भार या प्रमाणातूनच निघतो. शंभराला एक चढावर दर टनामागे दहा किलो ओढ जास्त लागते. कोष्टक उघडायचे कारण नाही.

वळण मात्र अंशात सांगतात. शंभर फूट रुळाने मध्याशी जेवढे अंश होतात, तेवढ्या अंशांचे वळण. एक अंशाच्या वळणाची त्रिज्या सुमारे ५,७३० फूट येते, कारण एका रेडियनमध्ये ५७.३ अंश असतात. त्याला साठाने गुणले की पुन्हा ३,४३८. देशात मीटर आल्यावर रेल्वेने शंभर फुटांचे ३०.५ मीटर केले आणि १,७५० ला अंशांनी भागून मीटरमध्ये त्रिज्या काढण्याचा नियम ठेवला. मोठ्या मार्गावर १० अंशांपर्यंत, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येपर्यंत वळण चालते, तर अरुंद मार्गावर ४० अंशांपर्यंत, म्हणजे अवघ्या ४४ मीटरांपर्यंत. अडीच फुटी रूळ स्वस्तात का पडले, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे.

रुळावर काम करणाऱ्यांनी या अंशालाही वळसा घालून घेतला. ११.८ मीटर दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची आणि दोरीच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. जितके सेंटिमीटर, तितक्या अंशांचे वळण. दोरीची लांबी अशी निवडली आहे की गुणाकार-भागाकार उरतच नाही. कोनमापनाच्या सगळ्या इतिहासात हीच इच्छा पुन्हा पुन्हा दिसते. जे माप हातातल्या पट्टीशी जुळते आणि ऐन वेळी गणित करायला लावत नाही, ते टिकते.

रायफलीच्या जगात कला याच कारणाने टिकली. इंग्रजी पल्ले यार्डात आणि निशाणावरचे अंतर इंचात. शंभर यार्डांवर एक कला १.०४७ इंच होते, म्हणजे जवळजवळ एक इंच. दोनशेवर दोन, हजारावर दहा. इंग्लंडमध्ये १८५९ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन निघाल्यावर हजार यार्डांपर्यंतची नेमबाजी वाढली आणि मागच्या नेमपट्टीवर व्हर्नियर लावून ती कलांमध्ये सरकवू लागले. उरलेला पावणेपाच टक्के फरक जवळच्या पल्ल्यावर जाणवत नाही. मात्र हजार यार्डांवर तीस कलांची दुरुस्ती करताना इंचाचा सोपा हिशेब धरला तर मार चौदा इंचांनी चुकतो.

मध्य प्रांत-वऱ्हाडच्या जंगलांत बंदूक घेऊन फिरणाऱ्यांना या बारकाव्याची गरज नव्हती. सातपुड्यात वनखात्याचे आणि जमाबंदीचे काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्या काळच्या शिकारी रायफलीवर ठरावीक यार्डांच्या पट्ट्या असत. पट्टी उभी करायची, माशी तिच्या खाचेत धरायची आणि बार काढायचा. दाट झाडीत पल्ला शंभर-दीडशे यार्डांपलीकडे क्वचित जाई. पोलीस आणि पलटणींच्या ‘थ्री नॉट थ्री’वरही यार्डांची शिडीच होती. कोन त्या शिडीत दडलेला असे, शिपायाला तो दिसत नसे. तो गुंडीवर उघड दिसू लागला दुसऱ्या महायुद्धात, ‘क्रमांक ४ (टी)’ या निवडक नेमबाजांच्या रायफलीवरच्या ‘क्रमांक ३२’ दुर्बिणीत. तिच्या पहिल्या नमुन्यात आडव्या दुरुस्तीचा एक क्लिक दोन कलांचा होता, पुढच्या नमुन्यांत तो एका कलेचा झाला.

मिलचा जन्म तोफखान्यातला. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधील अभियंता शार्ल-मार्क डापल्स याने रेडियनच्या हजाराव्या भागाचे माप पुढे आणले आणि १९०० च्या सुमारास फ्रेंच तोफखान्याने ते वापरात घेतले. निरीक्षक दुर्बिणीतून पाहतो, गोळा निशाणाच्या उजवीकडे वीस मीटर पडलेला असतो, पल्ला चार हजार मीटर असतो. वीसला चाराने भागायचे, पाच मिल डावीकडे. भर लढाईत, कागदाशिवाय जमणारे हे गणित आहे. कलांमध्ये ते करायचे तर मध्ये ३,४३८ येतो.

अडचण एकच होती. पूर्ण वर्तुळात ६,२८३ मिल आणि वर अपूर्णांक बसतात. तेवढे भाग यंत्रावर कोरता येत नाहीत. मग ज्याने त्याने सोयीचा पूर्णांक घेतला. रशियाने ६,०००, स्वीडनने ६,३०० आणि पश्चिमी राष्ट्रांनी ६,४००. रशियन भाग खऱ्या मिलपेक्षा ४.७ टक्क्यांनी मोठा, पण घड्याळाच्या तबकडीवर एका मिनिटाच्या जागेत बरोबर शंभर भाग बसतात. ६,४०० चा भाग १.८ टक्क्यांनी लहान, पण तो आठ वेळा निमपट करता येतो, म्हणून मुख्य दिशा आणि उपदिशा पूर्णांकात मिळतात. स्वीडनची निवड खऱ्या आकड्याच्या सर्वांत जवळची. तोफेच्या कामात पाच-दहा मिलच्या दुरुस्तीत हे टक्के विरून जातात, त्यामुळे तिन्ही चालून गेली. ब्रिटिश तोफखाना बराच काळ अंश-कलांवर राहिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मिलकडे वळला. भारतीय तोफखान्याची शाळा १९४१ मध्ये काकूलहून नाशिकजवळ देवळालीला आली. तिथल्या तोफांचे गणित ६,४०० च्या वर्तुळात चालते.

रायफलीपुरता भारतातला खरा फाटा फुटला तो १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने लागू होऊ लागली, आणि यार्ड हळूहळू बाजारातून व नकाशातून गेला. इंचाला मैल प्रमाणाचे नकाशे जाऊन ५०,००० ला १ प्रमाणाचे नकाशे आले. १९६२ च्या युद्धानंतर इच्छापूरच्या कारखान्यात जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीवर ७.६२ मिलिमीटरची रायफल बनू लागली आणि तिच्या ‘२ए१’ नमुन्यावर ८०० मीटरपर्यंतची पट्टी बसली. हावडा–मुंबई मार्गावरच, मूर्तिजापूरच्या पश्चिमेला भुसावळजवळ वरणगावला रायफलीच्या काडतुसांचा कारखाना उभा राहिला. पूर्वेला पुलगावचा दारूगोळा डेपो आहेच. पल्ला मीटरमध्ये आला की कलेची मुख्य सोय संपते. शंभर मीटरवर तिचे २.९ सेंटिमीटर होतात आणि हा आकडा तोंडात बसत नाही. मिलचे मात्र शंभर मीटरवर बरोबर दहा सेंटिमीटर. भारतीय सेनेत पुढे आलेल्या रशियन द्रागुनोव रायफलीच्या दुर्बिणीत ६,००० च्या वर्तुळातले हजारांश आहेत आणि तिचा आडवा क्लिक अर्ध्या हजारांशाचा आहे.

मेळघाटात वाघाला संरक्षण मिळाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. तेव्हापासून महाराष्ट्रात रायफलीची बारीक दुरुस्ती शिकणारे लोक दोनच, वर्दीतले आणि खेळातले. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे कडे असते, पण त्या छिद्राच्या गुंड्याही क्लिकवरच फिरतात. तिथला कोन लक्षात घेण्याजोगा आहे. पन्नास मीटरच्या निशाणावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सुमारे ०.२ मिल किंवा पाऊण कलेहून थोडे कमी. दहा मीटरच्या एअर रायफलीत दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे एका कलेचा साधारण सहावा भाग. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर तीन स्थिती प्रकारात कांस्य मिळवले. ते याच पाऊण कलेवर. विकलांचा ध्यास घेतलेल्या मोजणीदारांची आणि या नेमबाजांची जात एकच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दुर्बिणीच्या बाजारात आज दोन्ही मापे शेजारी मांडलेली असतात. कलेच्या दुर्बिणीत क्लिक बहुधा पाव कलेचा, शंभर मीटरवर ७.३ मिलिमीटरचा. मिलच्या दुर्बिणीत तो दशांश मिलचा, शंभर मीटरवर दहा मिलिमीटरचा. पाव कलेचा क्लिक थोडा बारीक आहे, म्हणून स्थिर पल्ल्यावर कागदी निशाणाशी खेळणारे त्याला धरून असतात. पण बहुतेक चांगल्या रायफलीही शंभर मीटरवर एकाच भोकात गोळ्या घालत नाहीत, तिथे अडीच-तीन मिलिमीटरचा हा फरक अचूकतेचा निकाल लावत नाही. निकाल लावते ते अंतराचे माप. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल, यार्ड आणि इंचात वाढलेल्याला कला.

पल्ला ओळखण्याच्या सूत्रात हे उघड होते. दीड मीटर उंचीची पाटी दुर्बिणीत तीन मिल दिसली, तर दीडला हजाराने गुणून तीनने भागायचे. पल्ला पाचशे मीटर. कलेत आणि इंचात हेच करायचे तर वस्तूचे इंच ९५.५ ने गुणून कलांनी भागले की यार्ड मिळतात. हा विचित्र वाटणारा ९५.५ म्हणजे ३,४३८ भागिले यार्डातले ३६ इंच. आणि इंच सोडून कलेला मीटर जोडला, तर ३,४३८ ने जसेच्या तसे गुणावे लागते.

सर्वांत त्रासाचा काळ गेला तो सरमिसळीचा. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक दुर्बिणींतल्या नेमाच्या फुलीवर मिलचे ठिपके असत आणि गुंड्यांवर मात्र पाव कलेचे क्लिक. गोळी दोन मिल खाली पडलेली डोळ्याला दिसे, आणि गुंडी फिरवण्याआधी दोनाला ३.४३८ ने गुणून ६.९ कला, मग चाराने गुणून २७-२८ क्लिक असा हिशेब करावा लागे. मिलच्या गुंडीवर त्याचे वीस क्लिक होतात आणि ते फुलीवरून थेट वाचता येतात. म्हणून फुली आणि गुंड्या एकाच मापाच्या असाव्यात हा दंडक आता सगळीकडे पाळला जातो. माप कोणते, यापेक्षा दोन्हीकडे तेच आहे की नाही, हे खरेदीच्या वेळी आधी पाहायचे असते. मेट्रिक देशांतल्या सेनांनी आणि त्यांच्या मागोमाग लांब पल्ल्याच्या बहुतेक नेमबाजांनी मिल स्वीकारला आहे. यार्डांची मैदाने आणि इंचांची निशाणे जिथे आहेत तिथे कला चालू आहे.